कुंडीच्या मिश्रणासाठी वाळू कशी निवडावी

कुंडी भरण्यासाठी घरी मिश्रण करण्याची जी कृती हाती येते, तिच्यात बहुधा ‘एक भाग वाळू’ एवढेच लिहिलेले असते. ती वाळू किती जाडीची असावी, धुतलेली असावी की नाही, याचा उल्लेख क्वचितच असतो, त्यामुळे नवखा माणूस जी वाळू सहज मिळेल ती आणून मिसळतो. निचरा सुधारावा म्हणून घातलेली हीच वाळू काही महिन्यांत मिश्रण आवळून टाकते, पाणी वर तुंबू लागते, आणि दोष मात्र खताला किंवा रोपाला दिला जातो.

याचे मूळ कारण असे की, वाळूची ख्याती बांधकामातून आलेली आहे. बांधकामासाठी वाळू उत्तम ठरते ती तिच्यात लहान-मोठे सर्व आकारांचे कण असतात तेव्हा, कारण मोठ्या कणांमधल्या फटी मध्यम कणांनी आणि मध्यम कणांमधल्या फटी बारीक कणांनी बुजाव्यात, हाच तिथला हेतू असतो. कुंडीत आपल्याला नेमक्या त्या फटी हव्या असतात, कारण जास्तीचे पाणी त्यांतून खाली जाते आणि मुळांना लागणारी हवा त्यांत राहते. म्हणून वाळू पारखताना ‘हिचे कण एकमेकांवर बसल्यावर मध्ये किती जागा उरेल?’ हा एकच प्रश्न मनात धरावा. पुढच्या साऱ्या चाचण्या त्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहेत.

आधी ठरवा: वाळू हवी आहे का?

प्रत्येक मिश्रणात वाळू घातलीच पाहिजे असे नाही. कोरड्या वाळूचे वजन लिटरमागे साधारण दीड ते 1.6 किलो भरते, तर पर्लाइटचे (ज्वालामुखीय काच तापवून फुगवलेल्या हलक्या पांढऱ्या कणांचे) शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे 10 लिटरच्या कुंडीत पाचवा हिस्सा वाळू घातली, तर केवळ वाळूचेच तीन किलोंहून अधिक वजन वाढते, आणि पाणी दिल्यावर त्यात आणखी भर पडते. टांगत्या कुंड्यांसाठी, तसेच गच्चीवर किंवा कठड्यावर ओळीने मांडायच्या कुंड्यांसाठी हा भार विनाकारण आहे. तिथे पर्लाइट, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखीय दगड) किंवा झाडाच्या सालीचे तुकडे वापरावेत. झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्या ऑर्किडसारख्या वनस्पतींना तर वाळूचा काहीच उपयोग नाही. त्यांच्या मुळांभोवती हवा वाळूत खेळते त्यापेक्षा कितीतरी मोकळी खेळावी लागते.

याउलट उंच वाढणारे आणि वाऱ्याने कलंडणारे झाड हलक्या प्लास्टिकच्या कुंडीत असेल, तर हेच वजन उपकारक ठरते. छाट कलमे रुजवण्यासाठी, निवडुंग व इतर मांसल पानांच्या वनस्पतींसाठी आणि बागेतली माती घालून केलेल्या मिश्रणांसाठीही वाळू उपयोगी पडते, कारण ती कुजत नाही, दबत नाही आणि वर्षानुवर्षे आपला आकार टिकवते. मात्र वाळू अन्नद्रव्ये जवळजवळ धरून ठेवत नाही. म्हणून वाळूचे प्रमाण जितके वाढेल, तितके खत थोडे-थोडे आणि वारंवार द्यावे लागते.

बागेतली माती चिकण असेल, तर आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. चिकणमातीत मूठ-दोन मुठी वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते, हा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरहूनही लहान असतात. वाळू थोडीच असेल तर तिचे कण त्या चिकट लगद्यात सुटे-सुटे अडकून पडतात आणि वाळल्यावर सगळा गोळा आणखी कठीण होतो. वाळूचे कण एकमेकांना टेकून त्यांच्यामध्ये मोकळी जागा उरावी असे वाटत असेल, तर वाळू निम्म्याहून बरीच अधिक घालावी लागेल, आणि मग ते मिश्रण जवळजवळ वाळूचेच होईल. अशा मातीला वाळूपेक्षा चांगले कुजलेले कंपोस्ट द्यावे, नाहीतर ती माती कुंडीसाठी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कणाचा आकार

मृदाशास्त्रात वाळू म्हणजे साधारण 0.05 ते 2 मिलिमीटर व्यासाचे कण. हा पल्ला फार मोठा आहे: त्याच्या खालच्या टोकाचा कण बोटांना जेमतेम जाणवतो आणि वरच्या टोकाचा डोळ्यांनी सहज मोजता येतो. कुंडीच्या कामाला 1 ते 3 मिलिमीटर हा पट्टा सर्वांत चांगला, म्हणजे यातले काही कण शास्त्राच्या भाषेत बारीक खडीत मोडतात. सोयीसाठी असे समजावे की, कण साखरेच्या कणाहून मोठा आणि मोहरीच्या दाण्याच्या आसपास असावा. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भाग जितका कमी, तितके चांगले.

बारीक वाळू नको म्हणण्यामागे केवळ अनुभव नाही, पाण्याचा साधा नियम आहे. अरुंद नळीत पाणी आपोआप वर चढते, आणि नळी जितकी बारीक तितके ते अधिक उंच चढते. 1 मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचेच्या नळीत ते सुमारे 3 सेंटिमीटर चढते, तर 0.1 मिलिमीटरच्या नळीत सुमारे 30 सेंटिमीटर. वाळूच्या कणांमधल्या फटी अशाच वेड्यावाकड्या नळ्यांसारखे काम करतात, आणि त्यांची रुंदी कणाच्या व्यासापेक्षा बरीच कमी असते. कुंडीला पाणी घालून तळातून ठिबकणे थांबले तरी तळाशी काही उंचीपर्यंत मिश्रण पाण्याने पूर्ण भरलेले राहते, ते या ओढीमुळेच. भरड वाळूत हा ओला थर काही सेंटिमीटरांचा असतो. अगदी बारीक वाळूत तो 15-20 सेंटिमीटर उंचीच्या कुंडीच्या काठापर्यंतही पोहोचू शकतो, म्हणजे मुळांना हवा मिळण्यासाठी जागाच उरत नाही.

या थराची उंची मिश्रणाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणूनच कुंडीच्या तळाशी वाळूचा किंवा खडीचा वेगळा थर दिल्याने निचरा सुधारत नाही. ओला थर तेवढाच वर सरकतो आणि मुळांच्या वाट्याची कोरडी जागा कमी होते. वाळू घालायची तर ती सगळ्या मिश्रणात सारखी कालवावी.

आकाराइतकाच महत्त्वाचा आहे तो कणांचा एकसारखेपणा. सगळे कण साधारण एकाच मापाचे असले, तर सुट्या वाळूत सुमारे 40 टक्के जागा मोकळी राहते, आणि त्यात बारीक कण मिसळत गेले की ती झपाट्याने घटते. त्यामुळे भरड वाळूत पाचवा हिस्सा बारीक कण असले तरी तिचे वागणे बारीक वाळूकडे झुकते. नवख्यांची फसगत इथेच होते. वरवर पाहता ढीग भरड दिसतो, पण हातात घेऊन चोळल्यावर बोटांच्या फटींतून बारीक भुकटी गळू लागते.

कोणती वाळू कुठून आलेली असते

नदीची भरड वाळू मिळाली आणि ती धुतलेली असली, तर तिच्यासारखी दुसरी नाही. वाहत्या पाण्याने तिचे कण काहीसे गोलसर झालेले असतात आणि त्यांत क्षारही फारसे नसतात. परंतु नदीपात्रातून आपण स्वतः वाळू उपसून आणणे योग्य नाही, आणि अनेक ठिकाणी त्याला कायद्यानेही मनाई असते. घरच्या कुंड्यांना लागणारी वाळू थोडी असते, ती विकतच घ्यावी.

जमिनीतल्या खाणीतून काढलेल्या वाळूचे कण टोकदार असतात. ते एकमेकांत अडकून राहतात, म्हणून कलमांसाठी ही वाळू चांगली मानतात. तिच्यात मातीचा अंश मात्र पुष्कळ असतो, त्यामुळे ती धुतल्याशिवाय वापरू नये.

दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू, जिला क्रश सँड म्हणतात, ती आता सर्वत्र सहज मिळते. तिचे कण कोनदार आणि भक्कम असतात, पण भरडताना निघालेली दगडाची पिठासारखी भुकटी तिच्यात मिसळलेली असते. ही भुकटी ओली होऊन वाळली की मिश्रणावर कडक पापुद्रा धरते. म्हणून क्रश सँड घ्यायची तर धुऊन, चाळून आणि भरड भाग तेवढाच ठेवून वापरावी. एवढे केले की ती नदीच्या वाळूला चांगला पर्याय ठरते.

प्लास्टरसाठी विकली जाणारी वाळू मुद्दाम बारीक निवडलेली असते. ती आपल्या कामाची नाही. मुलांच्या खेळण्यासाठी मिळणारी वाळूही स्वच्छ असली तरी बारीकच असते. पोहण्याच्या तलावांच्या गाळण यंत्रांत वापरतात ती सिलिका वाळू एकसारखी आणि धुतलेली असते, पण तिचा कण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. बिया पेरल्यावर वरून पातळ थर देण्यास ती उत्तम आहे, निचऱ्यासाठी मात्र ती बारीक पडते. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या वाळूत दोन प्रकार असतात. गारगोटीची असेल तर ती चालते, पण प्रवाळ किंवा शिंपले भरडून केलेली असेल तर ती चुन्याचीच वाळू समजावी.

समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणू नये. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, ते वाळूला लागून राहतात. क्षार धुऊन काढता येतात, पण शिंपल्यांचा चुरा धुण्याने जात नाही, आणि एवढे करून हाती येणारी वाळू बहुधा बारीकच असते. वाळवंटातल्या, वाऱ्याने वाहून आणलेल्या वाळूचीही हीच गत आहे. ती स्वच्छ दिसते, पण कण फार बारीक.

बांधकामावर उरलेली वाळू फुकट मिळते म्हणून मोह होतो. तिच्यात सिमेंट मिसळलेले नाही याची खात्री असल्याशिवाय ती घेऊ नये, कारण ओल्या सिमेंटचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) 12 च्याही वर जातो आणि कोवळी मुळे त्यात टिकत नाहीत. कडक झालेले राखाडी गोळे दिसले, तर तो ढीग सोडून द्यावा. उघड्यावर पडलेल्या ढिगात मांजरांची विष्ठा असण्याची शक्यताही असते, त्यामुळे अशी वाळू हाताळताना हातमोजे घालावेत.

घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर करायच्या चाचण्या

पहिली चाचणी ढिगाजवळच होते. मूठभर वाळू थोडी ओली करून घट्ट दाबावी आणि मूठ उघडावी. चांगल्या भरड वाळूचा मुटका लगेच किंवा बोटाने हलके टोचताच ढासळतो. तो आकार धरून राहिला आणि तळव्यावर मातकट डाग उरला, तर बारीक कण आणि गाळ जास्त आहे असे समजावे. हा अंदाज ढोबळ आहे, म्हणून पूर्ण पोते घेण्यापूर्वी किलोभर नमुना घरी आणून पुढच्या चाचण्या कराव्यात.

दुसरी चाचणी बरणीची. पारदर्शक, उभट बरणीचा तिसरा हिस्सा वाळूने भरावा, वर पाणी घालावे, चिमूटभर धुण्याची पावडर टाकावी आणि झाकण लावून मिनिटभर जोरात हलवावी. बरणी खाली ठेवल्यावर वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयट्याचे (वाळूहून बारीक, पण चिकणमातीहून मोठे) कण बसायला काही तास लागतात आणि चिकणमातीमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसू शकते. चांगल्या वाळूवरचे पाणी थोड्याच वेळात इतके निवळते की पलीकडचे छापील अक्षर वाचता येते. दुसऱ्या दिवशी वाळूवर बसलेल्या गाळाचा थर पट्टीने मोजावा. तो जेमतेम रेघेएवढा असेल तर एकदा धुतल्याने काम भागेल. वाळूच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याएवढा किंवा अधिक भरला, तर माझा सल्ला ती वाळू परत करण्याचा आहे, कारण धुण्याचे श्रम आणि पाणी दोन्ही वाया जातात.

तिसरी चाचणी चुन्याची. चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगरचे काही थेंब टाकून कानाजवळ धरावे. चुना असेल तर बारीक सळसळ ऐकू येते आणि कणांभोवती बुडबुडे उठतात. अशी वाळू हळूहळू विरघळत मिश्रणाचा सामू वाढवते, आणि मग लोह मिश्रणात असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ही त्याची खूण. अझेलिया, कॅमेलिया, गंधराज आणि ब्लूबेरी यांसारख्या आम्लधर्मी मिश्रण मागणाऱ्या झाडांसाठी चुन्याची वाळू मुळीच घेऊ नये. इतर बहुतेक झाडे थोडासा चुना सोसतात.

क्षारांची शंका असेल तर एक कप वाळूत एक कप ऊर्ध्वपातित पाणी घालून ढवळावे, तासाभराने वरचे पाणी नितारून काळ्या ताटलीत घ्यावे आणि ते उन्हात पूर्ण आटू द्यावे. ताटलीत पांढरी कड उरली, तर वाळूत विरघळणारे क्षार आहेत. नळाचे पाणी यासाठी वापरू नये, कारण त्यातले क्षारही कड धरतात.

चाळणे आणि धुणे

चाळण्यासाठी दोन जाळ्या पुरतात. वरच्या जाळीची भोके 3 ते 4 मिलिमीटरची असावीत, त्यावर उरलेले खडे बाजूला ठेवावेत. खालची जाळी म्हणून खिडकीला लावायची डासांची जाळी लाकडी चौकटीत ताणून बसवली तरी चालते. तिची भोके साधारण सव्वा ते दीड मिलिमीटरची असतात. या जाळीवर जो भाग उरतो, तीच आपली वाळू. खालचा बारीक भाग फेकण्याची गरज नाही, तो बिया झाकायला किंवा फरशीच्या फटी भरायला कामी येतो.

कोरडी वाळू चाळताना उडणारी सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. म्हणून वाळू किंचित दमट करावी, काम मोकळ्या हवेत करावे आणि तोंडावर चांगला मास्क बांधावा. वाळू फार ओली झाली तर जाळी बुजते, एवढे मात्र पाहावे.

धुण्यासाठी बादलीत एक तृतीयांश वाळू घ्यावी, पाण्याचा जोरदार झोत सोडून तळापासून हाताने ढवळावी, दहा-पंधरा सेकंद थांबावे आणि गढूळ पाणी ओतून द्यावे. हा वेळ नेमका पाळावा, कारण अधिक थांबल्यास गाळ पुन्हा वाळूवर बसू लागतो. पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे. गढूळ पाणी मोरीत सोडू नये, नळी तुंबते. ते बागेतल्या वाफ्यात ओतावे. कलमांसाठी किंवा बी पेरण्यासाठी वाळू वापरायची असेल, तर शेवटी तिच्यावर उकळते पाणी ओतून ती निथळू द्यावी. मोठ्या झाडांच्या मिश्रणासाठी एवढी काळजी घेण्याचे कारण नाही.

किती घालावी

प्रमाण नेहमी मापाने मोजावे, वजनाने नाही, कारण वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या वजनात फार तफावत आहे. या बाबतीत एक जुने सूत्र अजूनही मार्गदर्शक आहे. 1930 च्या दशकात इंग्लंडमधील जॉन इनस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी कुंड्यांसाठी प्रमाणित मिश्रणे बसवली. त्यांतल्या नेहमीच्या मिश्रणात 7 भाग कसदार माती, 3 भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) आणि 2 भाग भरड वाळू, तर बियांच्या मिश्रणात 2 भाग माती, 1 भाग पीट आणि 1 भाग वाळू असे प्रमाण आहे. म्हणजे वाढत्या झाडांना सहावा हिस्सा आणि बियांना चौथा हिस्सा. पीटच्या जागी कोकोपीट घेऊनही हे प्रमाण आरंभासाठी योग्य ठरते.

छाट कलमांसाठी भरड वाळू आणि कोकोपीट समभाग घ्यावे. मांसल पानांच्या वनस्पतींसाठी वाळू व बारीक खडी मिळून निम्मा भाग किंवा त्याहून अधिक चालतो, आणि तिथे चाळताना बाजूला ठेवलेले 3 ते 5 मिलिमीटरचे खडेही वापरता येतात. माती नसलेल्या, केवळ कोकोपीट आणि कंपोस्टच्या मिश्रणात मी दहाव्या हिश्श्यापलीकडे वाळू घालत नाही. मिसळताना सर्व घटक किंचित ओलसर असावेत, नाहीतर जड वाळू खाली आणि हलके कोकोपीट वर असे थर पडतात. एक बादली वाळू आणि एक बादली कंपोस्ट मिळून दोन बादल्या मिश्रण होत नाही, कारण दोन्ही एकमेकांच्या फटींत शिरतात. म्हणून कुंडीच्या मापापेक्षा थोडे जास्तच करून ठेवावे.

शेवटची मोजणी

मिश्रण जमले की नाही हे झाड लावण्यापूर्वीच मोजता येते. कुंडीची भोके चिकटपट्टीने बाहेरून घट्ट बंद करावीत आणि कुंडीत ठराविक खुणेपर्यंत किती पाणी मावते ते मोजून घ्यावे. ते 2 लिटर आहे असे धरू. पाणी काढून कुंडीत त्याच खुणेपर्यंत मिश्रण भरावे, हलकेच आपटून बसवावे आणि पृष्ठभाग चमकू लागेपर्यंत अगदी सावकाश पाणी घालावे. बुडबुडे थांबेपर्यंत तासभर तसेच ठेवावे आणि पातळी खाली गेली तर पुन्हा पाणी घालावे. मग कुंडी परातीवर दोन काठ्यांच्या आधाराने उचलून धरावी, पट्टी काढावी आणि ठिबकणे पूर्ण थांबेपर्यंत खाली पडणारे पाणी गोळा करावे. जेवढे पाणी बाहेर आले तेवढ्या जागेत आता हवा शिरली आहे. 300 मिलिलिटर आले, तर 2 लिटरच्या मानाने ती 15 टक्के झाली.

बहुतेक कुंडीतल्या झाडांसाठी 10 ते 20 टक्के हे प्रमाण समाधानकारक असते. निवडुंगांना त्याहून अधिक लागते. 10 पेक्षा कमी आले तर मिश्रणात आणखी तीच वाळू घालण्याची घाई करू नये. वाळू पुन्हा चाळून पाहावी, कारण दोष बहुतेक वेळा बारीक कणांचा असतो, प्रमाणाचा नसतो. 25 च्या वर गेले आणि झाड पाणी आवडणारे असेल, तर कंपोस्ट वाढवावे.

हीच मोजणी जुने मिश्रण पुन्हा वापरतानाही करावी. कोकोपीट आणि कंपोस्ट कुजून आटतात, वाळू मात्र होती तेवढीच राहते, त्यामुळे वर्षभराने त्याच कुंडीत वाळूचा हिस्सा आपोआप वाढलेला असतो. अशा मिश्रणात नव्या हंगामासाठी कंपोस्ट आणि कोकोपीट तेवढे घालावे, आणि पहिल्या वेळचा ‘एक भाग वाळू’ पुन्हा घालू नये.